समलिंगी वा पारलिंगी शिक्षक-कर्मचाऱ्यांवर गदा येते तेव्हा विद्यार्थ्यांनी काय करावे

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे मूळचे नागपूरचे, मराठीचे प्राध्यापक आणि कवी. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. ८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या राहत्या घरात घुसली, त्यांच्या खासगी क्षणांचे चित्रीकरण झाले आणि त्यावरून विद्यापीठाने घुसखोरांना सोडून सरांनाच निलंबित केले. १ एप्रिल रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्या निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला सिरस सर त्यांच्या भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले. निवृत्तीला अवघे काही महिने उरले होते.

न्यायालयाने आपले काम केले होते. तरीही निलंबन आणि स्थगिती यांच्यामध्ये सुमारे पन्नास दिवस गेले, आणि अशा दिवसांत माणसाला घर मिळते का, जेवणाचा डबा येतो का, कोणी दार वाजवते का, हे कोणत्याही आदेशात लिहिलेले नसते. ते दिवस विद्यार्थ्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या हातात असतात. हा लेख त्या मधल्या दिवसांसाठी लिहिला आहे.

मी अशा प्रसंगातून दोनदा गेलो. पहिल्यांदा मी तालुक्याच्या एका महाविद्यालयात बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला होतो. आम्हाला साहित्य शिकवणारे सर तासिका तत्त्वावर होते. पुण्यातल्या एका समलिंगी-पारलिंगी अभिमान पदयात्रेतला (प्राइड) त्यांचा फोटो कोणीतरी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि तिसऱ्या दिवशी फलकावरच्या वेळापत्रकात त्यांच्या नावाची आद्याक्षरे होती तिथे व्हाइटनरचा पांढरा पट्टा दिसला. आम्ही त्यांच्या बाजूने उभे राहिलो, पण इतक्या चुका केल्या की त्यांचे नुकसान वाढले. दुसऱ्यांदा, एम.ए. करताना, विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या एका पारलिंगी (ट्रान्सजेंडर) ताईंसाठी आम्ही तेच काम नीट शिकून केले. पुढे लिहिलेल्या पायऱ्या या दोन्ही अनुभवांतून आल्या आहेत.

## १. सर्वांत आधी त्या व्यक्तीला विचारा

ही पायरी वगळून कोणी पुढे जाऊ नये. आम्ही वगळली होती. सरांना न विचारता आम्ही एका रात्रीत निवेदन लिहिले, त्यात 'सर समलिंगी आहेत म्हणून त्यांच्यावर अन्याय झाला' असे सरळ लिहिले, एकशे चाळीस सह्या गोळा केल्या आणि त्याची प्रत स्थानिक वार्ताहराला दिली. सरांनी स्वतःबद्दल फक्त बहिणीला सांगितले होते, आईला नाही. बातमी गावात पोचली, घरमालकाने आठवडाभरात खोली रिकामी करायला लावली, आणि सरांना आईशी जे बोलायचे होते ते त्यांच्या आधी शेजाऱ्यांनी बोलून टाकले. आमचा हेतू चांगला होता, पण त्याने त्यांचा एकही दिवस सोपा झाला नाही.

म्हणून दोघा-तिघांनीच, शक्यतो त्यांच्या ओळखीच्या आणि विश्वासातल्या विद्यार्थ्यांनी, त्यांना प्रत्यक्ष भेटावे. भेट महाविद्यालयाबाहेर असावी. घरी जायचे असेल तर आधी विचारून जावे. त्यांना पुढील गोष्टी विचाराव्यात आणि उत्तरे जशीच्या तशी पाळावीत: आम्ही काही करावे असे तुम्हाला वाटते का? तुमचे नाव घ्यायचे का? तुमची ओळख कोणत्या शब्दांत सांगायची, की मुळीच सांगायची नाही? तुमच्या घरी काय माहीत आहे? वकील किंवा संघटना आधीच कोणी आहे का?

उत्तर 'काही करू नका' असे असू शकते, आणि तेही मान्य करावे लागते. त्या स्थितीत तुम्ही त्यांच्या नावाशिवाय धोरणाचा प्रश्न उचलू शकता, उदाहरणार्थ तक्रार अधिकारी नेमला आहे का, याची चौकशी. 'हो' म्हणाल्यावर आठ दिवसांनी मन बदलले तर त्यालाही हरकत घेऊ नये. नोकरी त्यांची आहे आणि आयुष्यही त्यांचे आहे.

## २. नेमके काय घडले आहे ते ओळखा

'सरांवर अन्याय झाला' एवढ्याने कोणताही अर्ज पुढे सरकत नाही, कारण प्रत्येक प्रकारासाठी जायचे दार वेगळे असते.

कायम शिक्षकाला कारणे दाखवा नोटीस, निलंबन किंवा विभागीय चौकशी आली असेल तर ती सेवाशर्तींची बाब आहे. त्यात दोषारोपपत्र, चौकशी अधिकारी, लेखी उत्तराची मुदत आणि निलंबनकाळातील निर्वाह भत्ता या गोष्टी असतात. इथे तुमचे काम साहाय्याचे असते. उत्तर शिक्षकाने वकिलाच्या किंवा प्राध्यापक संघटनेच्या सल्ल्याने द्यायचे असते.

तासिका तत्त्वावरील किंवा कंत्राटी शिक्षकाचे दुखणे वेगळे आहे आणि महाराष्ट्रात ते फार मोठे आहे. त्यांना कोणी निलंबित करत नाही. नोटीस निघत नाही, आदेश निघत नाही, फक्त पुढच्या सत्रात तासिका मिळत नाहीत. आव्हान द्यायला कागदच नसतो. आमच्या सरांचे तेच झाले. अशा वेळी पहिले काम म्हणजे तो कागद तयार करणे: शिक्षकाने स्वतः प्राचार्यांना लेखी पत्र देऊन आपल्या तासिका कोणत्या कारणाने आणि कोणाच्या निर्णयाने थांबवल्या, हे विचारावे. उत्तर आले तर ते आव्हानाचा आधार होते, आणि आले नाही तर ते मौनही पुढे उपयोगी पडते.

तिसरा प्रकार अभ्यासक्रमाचा. लिंगभाव किंवा समलिंगी संबंधांवरील पाठ शिकवू नका असे सांगणे, व्याख्यान रद्द करणे, संशोधनाचा विषय नाकारणे. त्याबद्दल सातव्या पायरीत लिहिले आहे. चौथा प्रकार छळाचा: टोमणे, भिंतीवरचे लिखाण, फोटो पसरवणे, पैसे मागणे. यातला बराचसा भाग पोलिसांच्या कक्षेत येतो.

आणि एक गोष्ट स्पष्टपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. एखाद्या विद्यार्थ्याने किंवा विद्यार्थिनीने त्या शिक्षकाविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली असेल तर शिक्षकाची लैंगिकता ही त्या तक्रारीवरची ढाल होऊ शकत नाही. तक्रारदाराचे नाव शोधू नका, त्यावर चर्चा करू नका, मोहीम काढू नका. चौकशी नियमानुसार आणि पूर्वग्रहाशिवाय व्हावी, एवढीच मागणी तिथे रास्त असते.

## ३. कायदा जेवढा आहे तेवढाच सांगा

निवेदनांत लोक भावनेच्या भरात नसलेले कायदे लिहितात आणि समोरचा विधी अधिकारी पहिल्याच ओळीत अर्ज निकालात काढतो. म्हणून पुढील गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी पारलिंगी व्यक्तींचे मूलभूत हक्क मान्य केले, २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवताना लैंगिक कल त्यात येतो असे सांगितले, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून वगळले. त्यामुळे 'समलिंगी असणे गुन्हा आहे' असे कोणी प्राचार्य म्हणत असतील तर ते चुकीचे आहे, आणि तसे त्यांना नम्रपणे लिहून कळवता येते. सिरस सरांच्या प्रकरणातील अलाहाबादचा आदेश विशेष उपयोगी आहे, कारण तो थेट एका प्राध्यापकाच्या निलंबनावरचा आहे आणि खासगीपणाला संरक्षण मिळाले पाहिजे आणि खासगी वर्तनाचा नोकरीशी ठोस संबंध नसेल तर ते गैरवर्तन ठरत नाही, हा त्याचा गाभा आहे.

पारलिंगी व्यक्तींसाठी २०१९ चा स्वतंत्र कायदा आहे. तो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. शिक्षणसंस्थेत आणि नोकरीत भेदभाव करण्यास त्याने मनाई केली आणि कलम ११ ने प्रत्येक आस्थापनेला तक्रार अधिकारी नेमण्यास सांगितले. २०२० च्या नियमांनी त्या अधिकाऱ्याला चौकशीसाठी पंधरा दिवसांची मुदत घातली. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जेन कौशिक या पारलिंगी शिक्षिकेच्या याचिकेवर निकाल देताना त्यांना नुकसानभरपाई दिली आणि हा कायदा कागदावरच राहिल्याबद्दल सरकारांना खडे बोल सुनावले. कायद्यांत दुरुस्त्या होत असतात, म्हणून अर्ज लिहिण्याच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरची अद्ययावत प्रतच उघडून पाहावी. जुनी छापील पुस्तिका वापरू नये.

आता उणी बाजू. समलिंगी किंवा उभयलिंगी कर्मचाऱ्यांसाठी नोकरीतील भेदभाव रोखणारा असा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. त्यांचा आधार राज्यघटनेची कलमे १४, १५, १६ आणि २१ (समानता, भेदभावास मनाई, सरकारी नोकरीत समान संधी, जीवित व स्वातंत्र्य) हाच आहे. ही कलमे सरकारी विद्यापीठाला थेट बांधतात. खासगी विनाअनुदानित संस्थेच्या बाबतीत वाट अवघड होते, आणि तिथे वकिलाशिवाय एक पाऊलही टाकू नये.

## ४. पुरावे जपा, पण पसरवू नका

आक्षेपार्ह फोटो किंवा संदेश 'पुरावा म्हणून' दहा जणांना पाठवणे म्हणजे तोच छळ पुढे नेणे. एका माणसाने एका ठिकाणी जपावे. संदेशाचा स्क्रीनशॉट घेताना पाठवणाऱ्याचा क्रमांक, ग्रुपचे नाव, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. ज्या फोनवर तो संदेश आला तो फोन विकू नये, फॉरमॅट करू नये, कारण भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते आणि मूळ उपकरण हाताशी असले की ते सोपे जाते. संमतीशिवाय कोणाच्या शरीराच्या खासगी भागाचे चित्र टिपणे वा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे, आणि ते कलम स्त्री-पुरुष असा भेद करत नाही. 'व्हिडिओ दाखवीन, पैसे दे' असे कोणी म्हटले तर पैसे देऊ नयेत आणि सायबर पोलिसांकडे जावे. त्या वेळी शिक्षकासोबत कोणीतरी असणे फार आवश्यक असते, कारण ठाण्यात पहिला प्रश्न बहुधा गुन्ह्याबद्दल येत नाही, त्यांच्याबद्दलच येतो.

एक वहीही ठेवावी. तारीख, वेळ, जागा, कोण काय म्हणाले, कोण हजर होते. आमच्याकडे अशी वही नव्हती. वेळापत्रकावरच्या त्या पांढऱ्या पट्ट्याचा फोटो काढण्याचेही कोणाला सुचले नाही, आणि महिन्याभरात नवे वेळापत्रक लागल्यावर 'सरांचे तास या सत्रात मुळात ठरलेच नव्हते' हे विधान आम्हाला खोडून काढता आले नाही.

जवळ ठेवायची कागदपत्रे अशी:

- नेमणूक आदेश किंवा तासिकांचे मान्यतापत्र (प्रत शिक्षकाकडून, त्यांच्या संमतीने)
- आधीचे आणि नंतरचे वेळापत्रक, तारखेसह फोटो
- नोटीस, निलंबन आदेश, दोषारोपपत्र असल्यास त्यांच्या प्रती
- विद्यापीठाने मंजूर केलेला अभ्यासक्रम, सत्र आणि पाठ्यघटकासह
- स्वतःचे ओळखपत्र आणि प्रवेशाच्या वेळी सही केलेले हमीपत्र
- दिलेल्या प्रत्येक अर्जाची आवक शिक्का असलेली पोच

शेवटच्या ओळीकडे विशेष लक्ष द्यावे.

## ५. योग्य दारावर जा आणि पोच घ्या

पारलिंगी कर्मचाऱ्याच्या बाबतीत पहिले दार तक्रार अधिकाऱ्याचे. बहुतेकांना तो कोण आहे हे माहीत नसते, कित्येकदा संस्थेलाही नसते. लैंगिक स्वरूपाचा छळ असेल तर अंतर्गत तक्रार समिती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी सर्व लिंगांच्या कर्मचाऱ्यांवर आणि विद्यार्थ्यांवर होणाऱ्या लिंगाधारित हिंसेविरुद्ध कारवाई करण्याची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. समितीकडे तक्रार तीन महिन्यांच्या आत जायला हवी, ही मुदत अनेकांच्या हातून निसटते.

कायम शिक्षकाला बडतर्फ केले, काढून टाकले किंवा पदावनत केले तर महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ खाली विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. त्याला आदेश हाती पडल्यापासून तीस दिवसांची मुदत आहे. 'प्राचार्य पुन्हा विचार करतो म्हणाले आहेत' या आश्वासनावर हे तीस दिवस घालवू नयेत. उच्च न्यायालयात रिट याचिका हा पुढचा मार्ग. मुंबईखेरीज नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोवा येथे खंडपीठे आहेत आणि ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही सर्किट बेंच सुरू झाल्याने दक्षिण महाराष्ट्रातील लोकांची मुंबईची फेरी वाचली आहे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. त्यांची मदतवाहिनी १५१०० आहे.

विद्यार्थी म्हणून तुम्ही शिक्षकाच्या वतीने अपील करू शकत नाही. तुमचे निवेदन तुमच्या स्वतःच्या हिताबद्दल असू शकते: आमचे तास बुडत आहेत, मंजूर घटक शिकवला जात नाही, वर्गात द्वेषाचे वातावरण आहे. माझ्या मते यातच तुमचे बळ आहे, कारण हा प्रश्न तुमचा आहे आणि तो विचारण्यासाठी कोणाची ओळख उघड करावी लागत नाही.

पोच घेण्याचा प्रसंग साधा वाटतो, पण नवख्या माणसाची कसोटी तिथेच लागते. आवक-जावकच्या खिडकीत अर्ज दिला की समोरचे कारकून म्हणतात, 'ठेवून जा, साहेब आल्यावर देतो.' ठेवून जाऊ नये. दुसरी प्रत पुढे करून, 'काका, यावर शिक्का आणि आवक क्रमांक द्या,' असे शांतपणे म्हणावे आणि तिथेच थांबावे. ग्रंथालयातल्या ताईंच्या वेळी आम्ही सकाळी अकरापासून दुपारी सव्वातीनपर्यंत आळीपाळीने त्या खिडकीत उभे होतो. शिक्का मिळाला. मुळीच दिला नाही तर त्याच दिवशी अर्ज स्पीड पोस्टाने पाठवून पावती आणि पोचल्याची नोंद जपावी, आणि संस्थेच्या अधिकृत ईमेलवरही पाठवावा.

## ६. निवेदन कसे लिहावे

एक पान पुरते. पहिल्या परिच्छेदात घटना तारखांसह, दुसऱ्यात तिचा तुमच्या शिक्षणावर झालेला परिणाम, तिसऱ्यात नियम, चौथ्यात मागणी आणि उत्तरासाठी मुदत. विशेषणे काढून टाकावीत. 'जातीयवादी, मनुवादी, हुकूमशाही प्रशासनाचा जाहीर निषेध' हे पत्रकात शोभते, पण अर्जात त्यामुळे समोरच्याला मुद्दा टाळायची सोय होते. नमुन्यादाखल एक परिच्छेद देतो:

'द्वितीय वर्ष कला, सत्र चार, पेपर क्रमांक सहा या विषयाच्या आठवड्याच्या चार तासिका दिनांक अमुक पासून झालेल्या नाहीत. या तासिका घेणाऱ्या शिक्षकांच्या जागी अन्य कोणाचीही नेमणूक झालेली नाही. तासिका कोणत्या कारणास्तव थांबवण्यात आल्या आणि हा निर्णय कोणत्या प्राधिकाऱ्याने घेतला, याची लेखी माहिती आम्हाला सात दिवसांत मिळावी, तसेच कोणत्याही शिक्षकाच्या खासगी आयुष्याच्या आधारे असा निर्णय घेतला जाऊ नये, ही विनंती.'

यात कोणाचे नाव नाही, कोणाच्या लैंगिकतेचा उल्लेख नाही, आणि तरीही टाळता येईल असा एकही प्रश्न नाही. सरांच्या वेळी आम्हाला हे एवढे लिहिता आले असते तर त्यांची खोली वाचली असती, असे मला आजही वाटते.

## ७. अध्यापनस्वातंत्र्याचा मुद्दा वेगळा मांडा

एखाद्या शिक्षकाने काय शिकवावे यावर आलेली बंदी आणि ती व्यक्ती कोण आहे यावरून आलेली गदा या बहुधा हातात हात घालून येतात, पण कागदावर त्या वेगळ्या ठेवाव्यात. युनेस्कोने ११ नोव्हेंबर १९९७ रोजी स्वीकारलेल्या उच्च शिक्षणातील अध्यापकांच्या दर्जाविषयीच्या शिफारशीत शिकवण्याचे, चर्चा करण्याचे, संशोधन करून निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचे आणि आपल्या संस्थेबद्दल मत मांडण्याचे स्वातंत्र्य मान्य केलेले आहे. ही शिफारस भारतीय न्यायालयात कायद्यासारखी लागू होत नाही. आपल्याकडे मुख्य आधार घटनेच्या कलम १९ मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा, आणि त्याहून व्यवहारातला आधार म्हणजे विद्यापीठाने मंजूर केलेला अभ्यासक्रम.

म्हणून वाद आला की सर्वप्रथम अभ्यासक्रमाची पुस्तिका उघडावी. घटक त्यात असेल तर तो शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे, आणि तो बदलण्याचा अधिकार अभ्यासमंडळ आणि विद्यापरिषद यांचा आहे. संस्थाचालकांचा, स्थानिक पुढाऱ्याचा किंवा पालकांच्या शिष्टमंडळाचा तो नाही. पुस्तिकेतल्या त्या पानाची प्रत निवेदनाला जोडावी. घटक अभ्यासक्रमात नसेल, व्याख्यान अवांतर असेल, तर बाजू थोडी नाजूक होते. तिथे 'हे व्याख्यान कोणत्या नियमाने रद्द केले' एवढेच विचारावे.

इथे एक सापळा आहे. शिक्षकाच्या समर्थनार्थ बोलताना विद्यार्थी उत्साहाने म्हणतात, 'सर समलिंगी आहेत म्हणूनच हा विषय इतका छान शिकवतात.' त्यामुळे विषय त्यांच्या खासगी आयुष्याचा होतो आणि त्यांची विद्वत्ता मागे पडते. त्यांच्या अध्यापनाबद्दल लिहायचे तर अध्यापनाबद्दलच लिहावे: कोणता पाठ, कोणती चर्चा, कोणते पुस्तक त्यांच्यामुळे वाचले.

## ८. माहिती अधिकाराचा वापर

सरकारी आणि अनुदानित संस्थांसाठी हे सर्वांत स्वस्त साधन आहे. महाराष्ट्रात जोडपत्र 'अ' मध्ये अर्ज करून दहा रुपयांचा न्यायालय फी मुद्रांक लावावा. एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. उत्तरासाठी तीस दिवस. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले तर तीस दिवसांत पहिले अपील, त्याला वीस रुपयांचा मुद्रांक.

'का' असे विचारू नये, कारण जनमाहिती अधिकारी केवळ उपलब्ध अभिलेख देण्यास बांधील असतो. अमुक आदेशाची प्रत, अमुक बैठकीचे इतिवृत्त, तक्रार अधिकाऱ्याच्या नेमणुकीचे पत्र, असे मागावे. आणि शिक्षकाच्या वैयक्तिक फायलीबद्दल, वैद्यकीय नोंदींबद्दल किंवा लिंगबदलाच्या कागदांबद्दल चुकूनही अर्ज करू नये. तो नाकारला जाईल, शिवाय ज्यांच्यासाठी आपण झटतो त्यांच्याच खासगीपणावर आपण हात घातलेला असेल.

ग्रंथालयातल्या ताईंचे प्रकरण याच मार्गाने सुटले. त्यांच्याकडे जिल्हाधिकाऱ्यांचे ओळख प्रमाणपत्र होते, सेवापुस्तकातील नोंदीसाठी अर्जही दिलेला होता, पण गळ्यातल्या ओळखपत्रावर जुनेच नाव होते आणि काही मुले ते नाव मुद्दाम मोठ्याने वाचून पुस्तके मागत. ताई ओळखपत्र नेहमी उलटे करून घालत. आम्ही एका ओळीचा अर्ज केला: कलम ११ खालील तक्रार अधिकाऱ्याच्या नेमणूक आदेशाची प्रत मिळावी. उत्तर आले, 'अभिलेख उपलब्ध नाही.' ते उत्तर जोडून कुलसचिवांना निवेदन दिले, आणि दोन महिन्यांत तक्रार अधिकारी नेमला गेला. पहिली तक्रार अर्थातच ताईंची होती.

## ९. सभा, सह्या आणि तुमची स्वतःची सुरक्षितता

प्रवेशाच्या वेळी सही केलेले हमीपत्र आधी वाचा. अनेक संस्था त्यात आंदोलनाविषयीच्या अटी घालतात. आवारातील सभेसाठी लेखी परवानगी मागा, नकार आला तर तोही लेखी घ्या. रस्त्यावर काही करायचे असेल तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जमावबंदीचा आदेश लागू आहे का ते ठाण्यात विचारा. तासांवर बहिष्कार टाकू नका. हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली की परीक्षेला बसण्याचा प्रश्न उभा राहतो आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या, वसतिगृहात राहणाऱ्या मित्रमैत्रिणींना सह्यांच्या पहिल्या ओळीत उभे करू नका. तुमच्यातही कोणी समलिंगी वा पारलिंगी असू शकतो ज्याने अजून कोणाला सांगितलेले नाही, म्हणून सही न करणाऱ्याला 'तू का नाही' असे विचारू नका.

पाठिंबा दिला म्हणून तुमच्यावरच शेरेबाजी किंवा दमदाटी झाली तर गप्प बसू नये. लैंगिक कल आणि लिंग ओळख यांवरून विद्यार्थ्याचा होणारा छळ २०१६ च्या दुरुस्तीने रॅगिंगच्या व्याख्येत आला आहे, त्यामुळे रॅगिंगविरोधी समितीकडे तक्रार करता येते.

विद्यार्थ्यांची बाजू नेहमीच योग्य असते असेही नाही. पश्चिम बंगालमधील कृष्णनगर महिला महाविद्यालयात मानबी बंद्योपाध्याय २०१५ मध्ये प्राचार्य झाल्या, तेव्हा देशातील पहिल्या पारलिंगी प्राचार्य म्हणून त्यांचे मोठे कौतुक झाले. २०१६ च्या डिसेंबरात त्यांनी राजीनामा पाठवला, आणि शिक्षक व विद्यार्थी यांच्यातील काहींचे असहकार्य हे कारण दिले. आपला वर्ग कोणत्या बाजूला आहे, हे सह्या मागण्यापूर्वी वर्गातच बसून बोलून घ्यावे.

## १०. मधले दिवस

अर्ज गेलेला असतो, उत्तर आलेले नसते, तारीख पडलेली असते. बाहेरून पाहणाऱ्याला या दिवसांत काहीच घडत नाही. शिक्षकाचा पगार थांबलेला किंवा अर्धा झालेला असतो, फोन वाजायचा बंद होतो, आणि कालपर्यंत चहाला बोलावणारे सहकारी नजर चुकवतात. सिरस सरांची गोष्ट मी सुरुवातीला सांगितली ती यासाठी.

या दिवसांसाठी कामे वाटून घ्यावीत. एकाने दर दोन दिवसांनी फोन करावा, आणि फोनवर फक्त खटल्याबद्दल बोलू नये. एकाने खोलीचा, डब्याचा प्रश्न पाहावा. एकाने प्रत्येक तारखेला त्यांच्यासोबत जावे. शंका विचारायला, प्रबंधाचे प्रकरण दाखवायला जाणे हाही पाठिंबाच असतो, कारण त्यातून आपण अजून शिक्षक आहोत ही त्यांची जाणीव टिकते. समलिंगी-पारलिंगी लोकांसाठी मुंबईत १९९४ पासून काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्थांशी त्यांची इच्छा असल्यास गाठ घालून द्यावी. बोलण्यात जगण्याचा कंटाळा दिसू लागला, वस्तू वाटून टाकणे किंवा निरोपाची भाषा आली, तर एकटे सोडू नये आणि टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीला १४४१६ या क्रमांकावर लगेच फोन करावा. ती चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते.

## ११. परत आल्यावर

स्थगिती मिळाली, तासिका परत मिळाल्या, ओळखपत्र बदलले, की मोहिमेतले बहुतेक जण घरी जातात. परतीचा पहिला दिवस त्या व्यक्तीसाठी सर्वांत कठीण असतो. हार-तुरे, पेढे, टाळ्या यांची इच्छा आहे का, हे आधी विचारावे. बहुतेकांना नको असते. वर्ग भरलेला असावा, वह्या उघडलेल्या असाव्यात आणि तास वेळेवर सुरू व्हावा, एवढी तयारी ठेवावी. ताईंच्या नव्या ओळखपत्राच्या दिवशी आम्ही चौघे नेहमीप्रमाणे रांगेत उभे राहिलो आणि पुस्तकांच्या चिठ्ठ्या पुढे केल्या. ओळखपत्र सुलटे होते. त्यांनी चिठ्ठीवर तारखेचा शिक्का मारला, एका पुस्तकाची मुदत टळल्याचे सांगून मला चार रुपये दंड केला आणि पुढच्या मुलीला पुढे बोलावले.